आवाज आला, पण कुठल्या संचातून? डिस्पॅच कन्सोलवरच्या रिसीव्ह दिव्यांची पार्श्वभूमी

नियंत्रण कक्षातून वायरलेसवर गाड्यांना सूचना देणारा तो डिस्पॅचर, आणि त्याच्यासमोरचं बटणं-स्पीकरचं पॅनेल म्हणजे कन्सोल. एका डिस्पॅचरसमोर सहा-आठ वायरलेस संच असले की ऐकू न येण्याची तक्रार सहसा नसते. आवाज भरपूर येतात. कळत नाही ते एवढंच, की आत्ता बोललेला आवाज कुठल्या संचातून आला. ‘कंट्रोल, ऐका’ एवढं म्हणून गाडी गप्प बसते. हात दोन बटणांच्या मध्ये घुटमळतो आणि उत्तर भलत्याच चॅनेलवर जातं. जुन्या कन्सोलला रिसीव्ह दिवे, म्हणजे कुठल्या संचावर आवाज येतोय ते दाखवणारे दिवे, बसवायची मागणी पुढे येते ती अशा प्रसंगांनंतर. काम पाहिलं तर एलईडी, रेझिस्टर आणि दोन वायरींचं. पण दिवा नेमका कशावर पेटवायचा, हा प्रश्न बराच जुना आहे आणि त्याची उत्तरं काळागणिक बदलत आली आहेत.

सुरुवातीला हा प्रश्न पडलाच नाही. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ साली गाड्यांना रेडिओवरून सूचना द्यायला सुरुवात केली, तेव्हा गाडीत फक्त रिसीव्हर होता. कक्षात रेडिओवरून काही येतच नसे. न्यू जर्सीतल्या बेयॉनच्या पोलिसांनी १९३३ मध्ये गाडीतूनही बोलता येईल असे दुतर्फा संच वापरात आणले, तरी कक्षात चॅनेल एक आणि स्पीकरही एकच. दिवा लावून सांगायचं काय?

टेलिफोनवाल्यांनी मात्र हे कोडं आधीच सोडवलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या स्विचबोर्डवर प्रत्येक लाइनला एक छोटी झडप असे. रिंग आली की विद्युतचुंबक खटका सोडायचा, झडप खाली पडायची आणि ऑपरेटर ती हातानं वर करेपर्यंत तशीच पडून राहायची. म्हणजे ऑपरेटरची नजर दुसरीकडे असतानाही कॉल हरवत नसे. पुढे झडपांची जागा दिव्यांनी घेतली. ते दिवेही ऑपरेटरनं कॉल घेईपर्यंत किंवा समोरच्यानं रिसीव्हर खाली ठेवेपर्यंत जळत राहायचे. रेडिओ कन्सोलनं या बोर्डांचं रूप उचललं, हा गुण मात्र बरीच वर्षं उचलला नाही.

रेडिओत दिव्यासाठी लागणारी खूण स्क्वेल्चनं दिली. कनेक्टिकट राज्य पोलिसांनी १९४० मध्ये अभियंते डॅनियल नोबल यांच्या आराखड्यावर दुतर्फा एफएम यंत्रणा उभारली, आणि युद्धानंतर पोलिस, अग्निशमन, रेल्वे अशा सगळ्यांचे संच एफएमकडे वळले. एफएम रिसीव्हरवर सिग्नल नसेल तेव्हा कान किटवणारी खरखर येते. कॅरियर, म्हणजे आवाज वाहून आणणारी रेडिओ लहर, नसताना ही खरखर बंद ठेवणारं सर्किट म्हणजे स्क्वेल्च. ते उघडलं की रिसीव्हरला ‘कोणीतरी हवेत आहे’ हे कळलेलं असतं. त्याच क्षणी एक रिले (विजेनं चालणारा स्विच) ओढला की झालं, कॅरियर-ऑपरेटेड रिले. रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारे संच, त्यावरच चालतात आणि दिवाही त्यावरच पेटवता येतो. आजच्या अनेक मोबाइल संचांच्या सहा पिनांच्या डेटा सॉकेटमध्ये सहावी पिन या स्क्वेल्चचीच असते. हौशी मंडळी किंवा छोटे कक्ष दिवा जोडतात तो बहुधा तिथूनच, मध्ये एक ट्रान्झिस्टर किंवा ऑप्टोकपलर (प्रकाशातून खूण पुढे देणारा भाग) टाकून. थेट एलईडी लटकवू नये, त्या पिनेत तेवढा करंट झेपण्याची ताकद असेलच असं नाही.

मोठ्या यंत्रणांत गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. तिथे रिसीव्हर टेकडीवर आणि कन्सोल शहरात, मध्ये भाड्याची टेलिफोन लाइन. प्रक्षेपण चालू करायला कन्सोल त्या लाइनवर टोन, म्हणजे ठरावीक स्वर, पाठवायचं. त्यातला २१७५ हर्ट्झचा गार्ड टोन या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतो. पण उलट दिशेनं दोन तारांवरून यायचा तो फक्त आवाज, रिलेची खूण नाही. म्हणून कन्सोलवाल्यांनी दिवा आवाजाच्या पातळीवर पेटवायला घेतला. यातली खोट अनुभवानंच कळते. शब्दांमधल्या फटीत दिवा विझतो, हळू बोलणाऱ्याला तो दादच देत नाही, आणि लाइनवरच्या गुणगुणीला भुलतो. शांत गाडीत कोणाच्या मांडीखाली माइकचं बटण दाबलं गेलं, तर चॅनेल अडलेलं असतं आणि कन्सोल अंधारात. कॅरियरवरचा दिवा अशा वेळी एकसारखा जळत राहतो. माझं मत विचाराल तर, स्वतंत्र वायर टाकायचा खर्च एवढ्या एका कारणासाठीही करावा.

याच सुमारास एकाच चॅनेलवर अनेक संस्था नांदू लागल्या. आपल्याच माणसांचा आवाज ऐकू यावा म्हणून आवाजाखाली बारीक टोन पाठवायची पद्धत १९५० च्या दशकात आली. मोटोरोलानं तिला ‘प्रायव्हेट लाइन’ म्हटलं, तांत्रिक नाव सीटीसीएसएस. त्यामुळे दिव्याचे अर्थ दोन झाले: चॅनेल व्यग्र आहे, आणि आपलं कोणी बोलतंय. पहिला बोलण्याआधी बघायचा, दुसरा उत्तर देण्याआधी. एकाच दिव्यात दोन्ही कोंबले की परक्यांच्या गप्पांनी तो दिवसभर लुकलुकतो आणि डिस्पॅचर त्याच्याकडे बघणंच सोडून देतो.

दिव्याची गरज कानांच्या मर्यादेतूनही सिद्ध झाली. १९५० च्या दशकात हवाई नियंत्रकांना अनेक वैमानिकांचे आवाज एकाच स्पीकरवर मिसळून ऐकावे लागत. त्या अडचणीच्या पार्श्वभूमीवर संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच आवाजातले दोन संदेश मिसळून दिले तर वेगळे करणं फार कठीण जातं, पण दोन कानांत वेगवेगळे दिले तर सहज जमतं. डिस्पॅच कन्सोलवर निवडलेल्या चॅनेलला एक स्पीकर आणि उरलेल्या सगळ्यांना दुसरा, ही मांडणी त्याच जातीची. पण ‘उरलेल्या सगळ्यां’मधलं कोण, हे स्पीकर सांगू शकत नाही.

फिलामेंटचे बल्ब उडायचे, आणि उडालेला बल्ब म्हणजे कायम गप्प दिसणारं चॅनेल. म्हणून पॅनेलवर सगळे दिवे एकदम पेटवून बघायचं बटण असे. १९६२ मध्ये अभियंते निक होलोनियाक यांनी दृश्य लाल प्रकाशाचा एलईडी केला, आणि पुढे ही कटकट बरीचशी मिटली. हिरवा म्हणजे येतोय, लाल म्हणजे जातोय, हा संकेत रूढ झाला. सुमारे ८ टक्के गोऱ्या पुरुषांना लाल-हिरव्यात गोंधळ होतो, तेव्हा दिव्याची जागाही ठरलेली असावी.

झडपेचा तो जुना गुण परतला १९७२ मध्ये आलेल्या ५५५ टायमरसारख्या स्वस्त चिपांमुळे. बोलणं संपल्यावरही काही सेकंद दिवा तेवत ठेवणं सोपं झालं. मग संगणकाच्या पडद्यावर कॉलची यादीच आली, आणि संच स्वतःचा क्रमांक पाठवत असेल तर कोण बोललं तेही.

आता आवाज नेटवर्कवरून येतो. गेटवे, म्हणजे संच नेटवर्कला जोडणारी पेटी, बसवताना एक पर्याय निवडावा लागतो: संचाची स्क्वेल्च पिन जोडायची, की नुसत्या आवाजावरून ओळखायचं. दुसरा पर्याय सोपा असल्यामुळे घाईत तोच निवडला जातो, आणि भाड्याच्या लाइनीवरचा लुकलुकणारा दिवा नव्या पडद्यावर जसाच्या तसा दिसतो.