शिवायला टाकण्याआधी: कपड्यांचे इंग्रजी शब्द

परदेशातल्या मुलाची, जावयाची मापं हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीतून येतात. शब्द ओळखीचे वाटतात, आणि घोळ तिथेच होतो.

आपण पॅंट म्हणतो त्याच अर्थाने अमेरिकन माणूसही म्हणतो. इंग्लंडमध्ये मात्र पॅंट्स म्हणजे आतली चड्डी. वर घालायची ती ट्राउझर्स. व्हेस्टचं उलट. इंग्लंडमध्ये तो आपल्यासारखाच बनियन, अमेरिकेत मात्र सुटातलं बिनबाह्यांचं जाकीट, म्हणजे वेस्टकोट. जंपर इंग्लंडमध्ये स्वेटर, तर अमेरिकेत ब्लाउजवरून घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक. त्यामुळे निरोपासोबत कोणता देश आणि एखादा फोटो, एवढं जरूर आणा.

पॅंट खांद्यावरून धरणाऱ्या पट्ट्यांना अमेरिकेत सस्पेंडर्स म्हणतात, इंग्लंडमध्ये ब्रेसेस. ते बटणाचे असतील तर बेल्टचे लूप लावत नाहीत. कमरपट्टीला सहा बटणं लागतात, पुढे चार आणि मागे दोन. हे कापड कापण्याआधी कळायला हवं.

(डंगरी हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीचा. तिथल्या जाड्याभरड्या कापडाचं नाव इंग्रजांनी नेलं आणि कपड्याला चिकटवलं. अमेरिकेत त्यालाच ओव्हरॉल्स म्हणतात.)

बटन-डाउन म्हणजे पुढे बटणं असलेला शर्ट नव्हे, तो तर प्रत्येकच शर्ट असतो. कॉलरची टोकं छोट्या बटणांनी शर्टाला अडकवलेली असली की तो बटन-डाउन. टायवर आणि सुटात घालायचा असेल तर आम्ही साधी कॉलरच सुचवतो.

सूट जॅकेट आणि पॅंट एकाच ताग्यातली असतात. ब्लेझर वेगळ्या रंगाच्या पॅंटवर चालतो. नेहमीच्या दोन बटणी कोटाचं खालचं बटण लावू नका. कट तसाच दिलेला असतो, लावलं की पोटापाशी चुण्या पडतात. मागच्या फाटीला व्हेंट म्हणतात. नव्या रेडीमेड कोटाच्या व्हेंटवर फुलीसारखा टाका असतो. तो घडी बिघडू नये म्हणून घातलेला कच्चा टाका आहे, घालण्याआधी तोडायचा. लग्नात निम्मे कोट फुलीसकट फिरतात! बाहेरचे खिसेही असेच बंद असतात. टाका उसवणीने काढा, ब्लेडने कापड जातं.

सगळ्यात महाग चूक इनसीमची. इनसीम म्हणजे आसनाच्या शिवणीपासून पायाच्या आतल्या बाजूने खालपर्यंत. आपली 'उंची' कमरेपासून बाहेरून मोजतात. दोन्हींत साधारण 10 इंचांचा फरक पडतो. जीन्सवर 32/30 लिहिलेलं असतं त्यातलं 30 हे इनसीम. तेच उंची म्हणून सांगितलंत तर पॅंट पोटरीवर येईल. तसंच कोटाचं 40 म्हणजे छाती, इंचात. पण बऱ्याच फॉर्मल शर्टांवरचं 40 कॉलरचं असतं, तेही सेंटिमीटरमध्ये, म्हणजे पावणेसोळा इंच.

आल्टरसाठी आणताना 'टेक इन' म्हणजे दाबायचं आणि 'लेट आउट' म्हणजे सैल करायचं. दाबता बहुतेक सगळं येतं, सैल करायला आत माया लागते. पॅंट उलटी करून मागची मधली शिवण बघा: दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जादा कापड असेल तर कंबर पाऊण इंचापर्यंत सुटते. जीन्समध्ये कापड दुमडून दुहेरी शिवण मारलेली असते, तिथे माया उरत नाही.