शंका बोलून दाखवण्याचा इतिहास

'सुरक्षा संस्कृती', म्हणजे संस्थेत सुरक्षेला सगळ्यात आधी स्थान देण्याची सवय, हा शब्दप्रयोग रूढ झाला तो २६ एप्रिल १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने त्याच वर्षी तो वापरला आणि १९९१मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल काढला. त्यामागचा प्रश्न मात्र जुना आहे: कुणी धोक्याची शंका बोलून दाखवली, तर ती ऐकली जाते का?

२८ मार्च १९७९, पहाटे चारची वेळ. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुप्रकल्पात दाब वाढल्यामुळे एक झडप उघडली आणि दाब उतरल्यावरही ती बंद झाली नाही. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला. झडप खरोखर कुठे आहे हे तो दिवा दाखवतच नव्हता. बंद होण्याचा संकेत गेला, एवढंच त्यातून कळत होतं. पाण्याची पातळी चढलेली दिसली म्हणून ऑपरेटरांनी अणुभट्टी थंड ठेवण्यासाठी येणारं पाणीही कमी केलं. दोन तासांहून जास्त वेळ गळती चालू राहिली आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा बराच भाग वितळला.

दोष ऑपरेटरांच्या माथी मारणं सोपं होतं. पण १९७७मध्ये डेव्हिस-बेसी प्रकल्पात अगदी असंच घडलं होतं. अणुभट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या एका अभियंत्याने लेखी इशाराही दिला होता. तो प्रकल्पांपर्यंत वेळेत पोचलाच नाही. मला वितळलेल्या गाभ्यापेक्षा हा अडकलेला कागद जास्त अस्वस्थ करतो.

विमान वाहतुकीने हा धडा आधी घेतला, तोही फार मोठी किंमत मोजून. २७ मार्च १९७७ला तेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट धडकली, ५८३ माणसं गेली. समोरचं विमान बाजूला झालं नाही का, असं फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं. कॅप्टनने झालंय म्हणून सांगितलं आणि विषय तिथेच संपला. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने शंका ठामपणे मांडणं आणि वरिष्ठाने ती ऐकणं, दोन्ही शिकवलं जाऊ लागलं.

अंतराळ क्षेत्रात ते रुजलं नाही. जानेवारी १९८६मध्ये, चॅलेंजर अंतराळयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, थंडीत रॉकेटच्या सांध्यांमधल्या रबरी कड्या दगा देतील अशी अभियंत्यांना भीती होती. उड्डाण सुरक्षित आहे याचा पुरावा मागायला हवा होता. तिथे धोका आहे याचाच पुरावा त्यांच्याकडे मागितला गेला. सात अंतराळवीर गेले. २००३मध्ये कोलंबिया यानाच्या पंखाची छायाचित्रं घेण्याची अभियंत्यांची विनंतीही मान्य झाली नाही. तेही यान नष्ट झालं. या अपघाताला उड्डाणावेळी पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याइतकीच नासाची संस्थात्मक संस्कृतीही कारणीभूत आहे, असं चौकशी मंडळाने स्पष्ट नोंदवलं.