नव्या फरशीखालची लेव्हल

बेळगावात शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांतून शहाबादी किंवा कोब्यावरच दोन बाय चार फुटांच्या टाइल्स बसवायची टूम आहे. लहान फरशी खालच्या चढउताराशी जुळवून घेते, एवढी मोठी टाइल घेत नाही. खाली पोकळी राहिली की चालताना ती ढबढब वाजते आणि एक दिवस कपाट सरकवताना कोपरा उडतो. मोठ्या टाइलला जमिनीवर ठेवलेल्या दहा फुटी सरळ पट्टीखाली साधारण 3 मिलिमीटरपर्यंतच फट चालते. एकावर एक दोन नाणी सहज आत सरकली, तर आधी जमिनीचं काम काढावं.

खोलीच्या दोन टोकांचा, किंवा दोन खोल्यांचा हिशेब मात्र पट्टीला जमत नाही. तिथे गवंड्याचा लेव्हल पाईप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही तोंडांवर हवेचा दाब सारखा, म्हणून नळी मध्ये कशीही वळवा, दाराआडून पलीकडे न्या, दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला थांबतं. पण उभ्या भागात बोटभर बुडबुडा अडकला, तर तेवढ्या पाण्याचं वजन कमी पडतं आणि त्या बाजूची पातळी बोटभर वर दिसते. खूण करताना तोंडावर अंगठा दाबून ठेवणारे महाभागही असतात. मग दाब सारखा राहणार कसा?

जमीन का बिघडली, हेही बघायला हवं. या भागातल्या काळ्या मातीतले चिकणखनिज पावसाळ्यात थराथरांत पाणी घेऊन फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि वरचा कोबा हलतो. खानापूरकडच्या तांबड्या मातीला हा रोग कमी. तडा दर पावसाळ्यात रुंदावत असेल, तर वरून काहीही ओतून उपयोग नाही.

बाकी खड्ड्यांना सेल्फ लेव्हलिंग पावडर चालते, म्हणजे पाण्यात कालवून ओतली की आपोआप सपाट पसरणारी सिमेंटची पावडर. तिच्यातलं रसायन सिमेंटच्या कणांना चिकटून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं, म्हणून थोड्या पाण्यातही मिश्रण वाहतं. आणखी पातळ व्हावं म्हणून तांब्याभर पाणी जास्त घातलं, तर जड कण तळाला बसतात आणि वर भुसभुशीत साय राहते. त्याआधी कोब्याची पाणी शोषणारी छिद्रं बंद करणारा प्रायमरही चुकवू नये. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं. कोरडा कोबा पातळ थरातलं पाणी आधीच पिऊन टाकतो.

न्हाणीघरात मात्र ही पावडर ओतू नये. तिथे मोरीकडे उतार हवाच.