स्टीव्ह डॅल्कोव्स्की : वेग होता, नेम नव्हता

अमेरिकेतील कॅलिफोर्निया लीग या दुय्यम दर्जाच्या बेसबॉल स्पर्धेत १९६० साली स्टॉक्टन संघाच्या एका डावखुऱ्या पिचरने, म्हणजे चेंडूफेक्याने, १७० डावांत २६२ बॅटर स्ट्राइक-आउट, म्हणजे तीन स्ट्राइक देऊन बाद, केले. त्याच हंगामात चार-चार चेंडू नेमाबाहेर टाकल्यामुळे आणखी २६२ बॅटरना त्याने पहिला बेस फुकट बहाल केला. स्टीव्ह डॅल्कोव्स्की हे त्याचे नाव. कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे १९३९ साली जन्मलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या या मुलाला बाल्टिमोर ओरिओल्सने १९५७ मध्ये करारबद्ध केले. नऊ हंगाम खेळूनही मेजर लीग या सर्वोच्च स्तरावरचा एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्याविषयीच्या दंतकथा पुष्कळ आहेत, पण त्या बाजूला ठेवल्या तरी वरचे दोन आकडे पुरेसे बोलके आहेत.

ताशी १६० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू साधारण १७ मीटरचे अंतर कापून ०.४ सेकंदात बॅटरपाशी पोहोचतो. तिथली होम प्लेट जेमतेम ४३ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे दिशा पाऊण अंशाने चुकली तरी चेंडू तिच्या बाहेर जातो. उंचीचे गणित त्याहून अवघड आहे. हात साधारण एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो असे ढोबळपणे धरले आणि सुटतेवेळी त्याचा वेग सेकंदाला ४० मीटरच्या आसपास मानला, तर चेंडू सोडायला एक मिलिसेकंद उशीर झाला तरी दिशा दोन अंशांहून अधिक खाली वळते आणि बॅटरपाशी पोहोचेपर्यंत हा फरक ६० सेंटिमीटरच्या पुढे जातो. हात जितका वेगवान, तितकी बोटे उघडण्याची वेळ अरुंद. त्यामुळे डॅल्कोव्स्कीचा वेग आणि त्याचा स्वैरपणा हे दोन वेगळे गुणदोष मानणे मला पटत नाही.

ओरिओल्सच्याच दुय्यम एल्मायरा संघाचे व्यवस्थापक अर्ल वीव्हर यांनी १९६२ मध्ये नेमके हेच ओळखले असावे. सूचनांचा भडिमार थांबवून त्यांनी त्याला वेगवान चेंडू आणि स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू) एवढ्या दोनच प्रकारांवर भर द्यायला सांगितले. त्या हंगामात १६० डावांत फुकट दिलेले बेस ११४ वर आले.

त्याचा वेग नक्की किती होता? बॅटरमागे बसून त्याचे चेंडू झेलणारे कॅल रिपकेन (थोरले) तो ताशी ११० मैलांच्या वर असल्याचे सांगत. १९५८ मध्ये मेरीलँडमधील ॲबर्डीन येथील लष्करी चाचणी केंद्रात यंत्राने मात्र ९३.५ मैल, म्हणजे सुमारे १५० किलोमीटर एवढाच वेग नोंदवला. आदल्या रात्री तो सामना खेळला होता, पायाखाली पिचरचा उंचवटा नव्हता आणि यंत्राच्या टप्प्यातून चेंडू जाईपर्यंत बराच वेळ निव्वळ फेकण्यात गेला होता. शिवाय हवेच्या रोधामुळे चेंडू बॅटरपर्यंत जाताना आठ-दहा टक्के वेग गमावतो, त्यामुळे वेग कोणत्या बिंदूवर मोजला हे कळल्याखेरीज दोन काळांतील आकड्यांची तुलना करता येत नाही. चेंडू वर उसळल्याचे बॅटरना वाटे, तो मात्र भास होता: उलट्या फिरकीमुळे चेंडूला हवेचा वरच्या दिशेने रेटा मिळतो, गुरुत्वाकर्षणाने होणारी घसरण कमी होते, आणि अपेक्षेपेक्षा कमी खाली आलेला चेंडू डोळ्यांना वर चढल्यासारखा दिसतो.

मार्च १९६३ मध्ये, मेजर लीगचा उंबरठा दिसत असताना, सराव सामन्यात त्याच्या कोपराला दुखापत झाली आणि तो वेग परत आला नाही. वेगवान पिचच्या वेळी कोपरावर सुमारे ६४ न्यूटन-मीटर पिळाचे बल येते, तर मृतदेहांवरील चाचण्यांत कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध त्याच्या निम्म्याच बलाला तुटतो. उरलेला भार स्नायू उचलतात म्हणून सांधा टिकतो. हा अस्थिबंध नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर १९७४ मध्ये प्रथम केली. डॅल्कोव्स्कीने त्याआधी नऊ वर्षे खेळ सोडला होता. तोवर दारूच्या आहारी गेलेला हा पिचर कॅलिफोर्नियात शेतमजुरी करत होता. तो १९९४ मध्ये बहिणीजवळ न्यू ब्रिटनला परतला आणि एप्रिल २०२० मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी, कोरोनाने वारला.