प्रमाणपत्र म्हणजे वापराचा पुरावा नव्हे
सोबत प्रमाणपत्र असले की बेसबॉलचा चेंडू खऱ्या सामन्यातलाच, हा संग्राहकांमधला जुना समज चुकीचा आहे; असे पत्र कोणताही विक्रेता छापू शकतो. बनावट स्वाक्षऱ्यांची मोठी टोळी एफबीआयने उघडकीस आणल्यानंतर मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगने २००१ मध्ये स्वतःची पडताळणी सुरू केली. मैदानालगत बसलेला अधिकारी (हे बहुधा आजी-माजी पोलीस असतात) खेळातून बाहेर आलेला चेंडू स्वतः पाहतो आणि त्यावर क्रमांकाचा होलोग्राम चिकटवतो. चेंडू प्रेक्षकांत जाऊन नजरेआड झाला, तर झेलणारा कितीही प्रामाणिक असला तरी होलोग्राम सहसा मिळत नाही, आणि हा कठोरपणा योग्यच आहे. मात्र तो क्रमांक लीगच्या संकेतस्थळावर टाकून नोंद जरूर वाचावी, कारण काही नोंदी केवळ स्वाक्षरीच्या असतात, सामन्यातील वापराच्या नव्हे.