अनुराधापूर आणि पोलोन्नरुवा: मधली तिरकी रेघ काढा

श्रीलंकेच्या टूरचा प्रोग्रॅम कुणी मला पाठवला की मी आधी दुसरा-तिसरा दिवस बघते. तिथे ठरलेली ओळ असते: 'प्राचीन राजधानी (अनुराधापूर/पोलोन्नरुवा), अर्धा दिवस.' त्या दोन नावांमधल्या तिरक्या रेघेवर माझा राग आहे. चहा किंवा कॉफी, जे असेल ते देऊ, असा तिचा सूर असतो. प्रत्यक्षात या दोन शहरांत रस्त्यानं शंभरेक किलोमीटरचं अंतर आहे, आणि एकाचं राजधानीपण संपलं तेव्हा दुसऱ्याचं सुरू झालं.

माझी आत्या नागपूरची. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या रोपांपासून वाढलेला आहे, भदन्त आनंद कौसल्यायनांनी ती रोपं श्रीलंकेतून आणली, हे ती वर्षानुवर्षं ऐकत आलेली. त्या झाडापाशी एकदा हात जोडायचे, एवढ्याच ओढीनं साठी उलटल्यावर तिनं एका ग्रुप टूरचे पैसे भरले. गाडी गेली पोलोन्नरुव्याला. हॉटेल हबरणला होतं आणि तिथून पोलोन्नरुवा जवळ पडतं, म्हणून. झाड कुठे आहे असं तिनं विचारलं तेव्हा टूर मॅनेजर म्हणाला, "काकू, दोन्ही सारखंच असतं." तिनं घरी आणलेल्या फोटोंवर आजही 'अनुराधापूर' असं लिहिलेलं आहे, आणि फोटो आहेत गल विहारातल्या बुद्धमूर्तींचे, म्हणजे पोलोन्नरुव्याचे. तिला ते सांगायचं धाडस मला दोन वर्षं झालं नाही.

अनुराधापूर आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून त्याची ओळख थोडक्यात. अशोकाचा मुलगा महिंद श्रीलंकेत आला, शेजारच्या मिहिंतलेच्या टेकडीवर त्याची राजा देवानंपिय तिस्साशी भेट झाली, मागोमाग संघमित्रा बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकापासून पुढे तेराशे वर्षांहून अधिक काळ राजधानी इथे होती. आठवीच्या पुस्तकाइतकं एवढं पुरे.

पोलोन्नरुवा मात्र बहुतेकांना नावानंच माहीत असतं. 993 मध्ये चोळांनी अनुराधापूर लुटलं, 1017 मध्ये राजेंद्र चोळाच्या सैन्यानं राजा पाचवा महिंद याला पकडून दक्षिण भारतात नेलं आणि चोळांनी आपला कारभार पोलोन्नरुव्यातून चालवला. 1070 मध्ये सिंहली राजा विजयबाहूनं त्यांना हाकललं, पण राजधानी परत नेली नाही, तिथेच ठेवली. पुढचा पराक्रमबाहू (1153 ते 1186) आणि त्याच्यानंतरचा निश्शंकमल्ल यांनी बांधलेलं शहर आपण आज बघतो. 1215 मध्ये कलिंगाच्या माघ नावाच्या आक्रमकाची स्वारी आली आणि शहराची उतरण लागली. म्हणजे एकीकडे तेरा शतकं, दुसरीकडे जेमतेम दोन. दोन्ही ठिकाणं युनेस्कोच्या यादीत एकाच वर्षी आली, 1982 मध्ये, आणि गोंधळाला तेवढंच एक निमित्त आणखी मिळालं.

किरकोळ फरक भराभर सांगते. अनुराधापूर पसरलेलं आहे, एका स्तूपाकडून दुसऱ्याकडे गाडीनंच जावं लागतं. पोलोन्नरुवा आटोपशीर आहे, भाड्याच्या सायकलीवर आरामात होतं. सिगिरियाहून पोलोन्नरुवा सव्वा-दीड तास, अनुराधापूर थोडं जास्त. स्तूप, तलाव आणि माकडं दोन्हीकडे आहेत. यातल्या कशावरूनही निवड करू नका.

खरा फरक वेगळाच आहे, आणि तो बहुतेक प्रोग्रॅममध्ये लिहिलेलाच नसतो. अनुराधापूर हे चालू देवस्थान आहे, पोलोन्नरुवा हे थांबलेलं शहर आहे. पंढरपूर आणि वेरूळ यांच्यात जो फरक आहे, तो इथे आहे. वेरूळला आपण बघायला जातो. पंढरपूरला जो नुसता बघायला जाईल, त्याला गर्दी, फुलांचा चिखल आणि रांग एवढंच दिसेल.

अनुराधापुरात जय श्री महाबोधीपाशी, म्हणजे त्याच बोधिवृक्षापाशी गेलात की आधी बॅगांची तपासणी होते. 1985 च्या मे महिन्यात या आवारात भाविकांवर गोळीबार झाला होता, तेव्हा तपासणीला नाक मुरडू नका. आत गेल्यावर समोर मोठी डेरेदार पिंपळाची झाडं दिसतात आणि लोक त्यांचेच फोटो काढून परत फिरतात. ती महाबोधीच्या रक्षणासाठी भोवती लावलेली झाडं आहेत. खरा वृक्ष सगळ्यांत वरच्या चौथऱ्यावर आहे, सोनेरी कठड्यामागे, सोनेरी टेकूंवर तोललेल्या बारीक फांद्यांचा. लागवडीची नोंद असलेलं, माणसानं लावलेलं जगातलं सगळ्यांत जुनं जिवंत झाड म्हणून ते ओळखलं जातं, पण दिसायला ते अजिबात भव्य नाही. ते नीट दिसायला थांबावं लागतं. भोवती पांढऱ्या कपड्यांतली माणसं वाळूत बसलेली असतात, कुणी सूत्रं म्हणत असतं, कुणी पान गळून खाली पडायची वाट बघत असतं, कारण पडलेलं पान प्रसादासारखं घरी नेतात. रुवनवेलिसाय स्तूपाला कापडाची लांबच लांब पट्टी गुंडाळायला अख्खं गाव मिरवणुकीनं येतं, ढोल वाजतात, म्हातारी माणसं ते कापड डोक्यावरून पुढे सरकवत असतात. आपणही हात लावला तर कुणी अडवत नाही, उलट जागा करून देतात.

हे सगळं पहाटे आणि दिवस कलताना घडतं. आपली बस तिथे पोचते सकाळी अकराला. तेव्हा दगडी फरसबंदी तापलेली असते, पायात चपला-बूट चालत नाहीत, टोपीही काढावी लागते, आणि पाय भाजत भाजत माणसं सावली शोधतात. मग परतल्यावर सांगतात, अनुराधापुरात काही विशेष नाही. अर्ध्या दिवसात, भर उन्हात अनुराधापूर दाखवणं म्हणजे आषाढीला पंढरपूरला नेऊन एसटी स्टँडवरून परत आणणं. माझं मत याबाबतीत पक्कं आहे: तिथे रात्रीचा मुक्काम नसेल तर अनुराधापूर प्रोग्रॅममधून काढून टाका. एक संध्याकाळ आणि एक पहाट, यापेक्षा कमी वेळात ते होत नाही.

पोलोन्नरुव्याचं उलटं आहे. तिथे अर्धा दिवस खरंच पुरतो, सकाळी लवकर गेलात तर छानच. पूजा तिथे अगदीच होत नाही असं नाही. गल विहारासमोर लोक फुलं वाहतात, बूट काढावेच लागतात. पण शहर थांबलेलं आहे, म्हणून ते वाचावं लागतं, आणि वाचून दाखवणारा माणूस लागतो.

गाईडचा प्रश्न येतो तो इथे. पोलोन्नरुव्यात गाईड बोलता हवा, अनुराधापुरात गप्प बसणारा. गाडी चालवणाऱ्या भल्या माणसालाच गाईड समजून लोक चालतात, तसं करू नका. श्रीलंकेत गाईडला पर्यटन विकास प्राधिकरणाचा परवाना लागतो, ओळखपत्र दाखवा म्हटलं की खरा गाईड आनंदानं दाखवतो. बोलता गाईड नसेल तर पोलोन्नरुवा म्हणजे विटांचे ढीग. तो असेल तर वटदागेच्या, म्हणजे स्तूपाभोवती बांधलेल्या गोल मंदिराच्या पायथ्याशी तो तुम्हाला खाली वाकायला लावेल. पायरीसमोर अर्धवर्तुळाकार कोरीव दगड असतो, त्याला चंद्रशिला म्हणतात. अनुराधापूरच्या चंद्रशिलांवर हत्ती, घोडा, सिंह आणि बैल एकामागून एक धावतात. पोलोन्नरुव्याच्या चंद्रशिलेवर बैल नाही. शिवाचा नंदी पायाखाली कसा घ्यायचा म्हणून तो काढला, असं सांगतात. सिंहही त्या ओळीतून गेला आहे. आत्यासारखी चूक कुणाची झाली असेल तर तिला फोटोतला हा दगड शोधायला सांगा, शहर लगेच कळेल.

चोळांच्या खुणा तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. दुसऱ्या क्रमांकाचं शिवदेवालय अख्खं दगडी, तमिळ धाटणीचं, राजराजाच्या राणीच्या, वानवन महादेवीच्या नावाचं. बौद्ध राजधानीत पिंडी बघून आपली माणसं चकित होतात. पोलोन्नरुवा आहेच तसं, जिंकणाऱ्याची आणि परत मिळवणाऱ्याची दोघांची मंदिरं एकाच आवारात. मला त्या शहरात सगळ्यांत आवडते ती हीच गोष्ट. विजयबाहूनं शत्रूची राजधानी आपली केली, पण देवळं तशीच उभी राहिली.

आणि गल विहार. एकाच प्रस्तराच्या भिंतीत कोरलेल्या चार मूर्ती. उभी मूर्ती सुमारे 7 मीटर, महापरिनिर्वाणातली आडवी मूर्ती सुमारे 14 मीटर. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध साधारण 7 मीटरचा आहे, म्हणजे ही त्याच्या दुप्पट, आणि लेण्याच्या अंधारात नाही तर उजेडात, दगडाच्या रेषा चेहऱ्यावरून वाहत गेलेल्या. पावलं बघा. वरचं पाऊल किंचित मागे सरकलेलं आहे. झोपलेल्या माणसाची पावलं जुळलेली असतात, इथे प्राण गेलेला आहे, असा त्याचा अर्थ लावतात. हे बघायला पंधरा मिनिटं द्या. कृपा करून बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढू नका. दोन्ही शहरांत ते अपमानाचं मानतात, पहारेकरी येऊन अडवतो, आणि आपल्या ग्रुपमधल्या कुणाला तरी दर वेळी ऐकून घ्यावं लागतं. मला त्याची फार लाज वाटते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे दोन्हीकडे हवेत. पिशवीत जाड मोजे ठेवा, मोज्यांना हरकत घेत नाहीत.

निसर्गासाठी म्हणाल तर पोलोन्नरुवा पुढे आहे, आणि त्याचं श्रेय पराक्रमबाहूला. त्यानं वाढवलेला पराक्रम समुद्र हा तलाव शहराच्या कडेलाच आहे, बांध सुमारे 14 किलोमीटर लांब. संध्याकाळी बांधावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसेनासा होतो, 'समुद्र' हे नाव फुगवलेलं वाटत नाही. अवशेषांमधली माकडं शास्त्रज्ञांनी 1968 पासून अभ्यासलेली आहेत, पण खाऊ त्यांना तरी देऊ नका. हबरणहून पोलोन्नरुव्याला जाताना वाटेत मिन्नेरियाचं राष्ट्रीय उद्यान लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथला तलाव आटतो, तळाशी कोवळं गवत उगवतं आणि शेकडो हत्ती एकत्र चरायला येतात. आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा हा भाग कोरडा असतो. दिवाळीच्या सुट्टीत मात्र इथे पावसाचे दिवस सुरू होतात. श्रीलंकेत पावसाळ्यात जाऊ नये असं म्हणणाऱ्यांना आधी विचारा, कुठल्या पावसाळ्यात आणि बेटाच्या कुठल्या बाजूला.

मग कुणी काय निवडायचं? मुलं बरोबर असतील, पहिलीच खेप असेल, सात दिवसांत सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया आणि समुद्रकिनाराही बसवायचा असेल, तर पोलोन्नरुवा. जो माणूस श्रद्धेनं जातो आहे त्याच्यासाठी अनुराधापूरच, आणि तिथे तडजोड करायला लावणारी टूर घेऊ नका. पैसे भरण्याआधी एकच विचारा: अनुराधापुरात रात्रीचा मुक्काम आहे का? उत्तर 'हॉटेल सिगिरियाला किंवा हबरणला' असं आलं, तर तिरक्या रेघेतलं कुठलं नाव गळणार ते तुम्हाला कळलंच.

आत्याला शेवटी मी सांगितलं. ती रागावली नाही, फोटो पुन्हा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. तिच्या दुसऱ्या खेपेचा प्रोग्रॅम मी लिहून दिला आहे, कुणाला हवा असेल तर हाच वापरा. विमानतळावरून थेट अनुराधापूर, गाडीनं चार तास धरा, दोन रात्री तिथे. एक पहाट मिहिंतलेच्या पायऱ्यांसाठी, दोन्ही संध्याकाळी महाबोधीपाशी, दुपारी हॉटेलवर झोप. मग हबरण, पोलोन्नरुवा सकाळचं, मिन्नेरिया दुपारचं. शेवटी कँडी. बुद्धाचा दंतधातू आधी अनुराधापुरात होता, मग पोलोन्नरुव्यात आला आणि बऱ्याच भटकंतीनंतर कँडीच्या मंदिरात स्थिरावला, आणि तिचा रस्ताही त्याच क्रमानं जातो. नोव्हेंबर टाळून फेब्रुवारीची तिकिटं काढली आहेत.