पोर्ट २५ बंद केला तरी लोकल युजरचा मेल जातोच

नागपुरात आयटी पार्कपासून मिहानपर्यंत सर्व्हर सांभाळणारी बरीच पोरं एक गोष्ट पक्की धरून बसलीत, की पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमधे एसएमटीपीडीचे (नेटवर्कवरून एसएमटीपीने येणारा मेल घेणारा त्याचा भाग) रिस्ट्रिक्शन्स लावले किंवा बाहेरून पोर्ट २५ (सर्व्हर जिथे मेल घेतो तो पोर्ट) बंद केला की सर्व्हरवरच्या कोणत्याच युजरला मेल पाठवता येत नाही. असं होत नाही जी.

काहून, तर ते नियम एसएमटीपीवरून येणाऱ्या मेलला लागतात. लोकल युजर किंवा पीएचपी स्क्रिप्ट सेंडमेल कमांड चालवते तेव्हा मेल पोस्टड्रॉपमार्फत सरळ मेलड्रॉपच्या रांगेत पडतो, तिथून पिकअप तो उचलून क्लीनअपला देतो (हे सगळे पोस्टफिक्सचेच भाग), एसएमटीपीडी मधे येतच नाही, मग त्याचे नियम लागतील कुठून? म्हणून एखादी वर्डप्रेस साइट हॅक झाली की रात्रभर स्पॅम जातो, आयपी ब्लॅकलिस्ट होतो अन् त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या दुकानदाराची बिलं गिऱ्हाइकाला पोचत नाहीत, त्याचा काही दोष नसताना. हे मला फार खटकतं.

यासाठी वेगळी सेटिंग आहे, ऑथोराइज्ड सबमिट युजर्स, पोस्टफिक्स २.२ पासून. मुळात तिथे सगळ्यांना परवानगी असते. वेब सर्व्हरच्या युजरच्या नावापुढे उद्गारचिन्ह लावून त्याला आधी वगळायचं, मग बाकीच्यांना मुभा.

पण तोच युजर १२७.०.०.१ (सर्व्हरचा स्वतःचाच आतला पत्ता) च्या पोर्ट २५ ला जोडूनही मेल टाकू शकतो, कारण हा पत्ता सहसा मायनेटवर्क्समधे, म्हणजे पोस्टफिक्सच्या भरवशाच्या पत्त्यांच्या यादीत असतो, किंवा थेट बाहेरच्या सर्व्हरलाही जाऊ शकतो, तिथे फायरवॉलमधे यूआयडीनुसार (युजरच्या नंबरनुसार) आउटपुट अडवावा लागतो. सेंडमेलची एक्झिक्यूट परमिशनच काढणं मला पटत नाही, क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे) मेलही बंद होतात अन् बॅकअप फेल झाला तरी कोणाला कळत नाही.